लठ्ठ अक्षराची कुळकथा

मुद्रणाचे इतिहास वाचावयास घेतले की ते बहुधा ग्रंथांच्या टाइपाचे इतिहास निघतात. मायन्झचा गुटेनबर्ग, व्हेनिसचा आल्दुस, लंडनचा कॅझलन, पार्माचा बोदोनी अशी घराणी त्यांत ओळीने येतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे एखाद्या जाडजूड ग्रंथाचा उल्लेख असतो. आपल्याकडेही जावजी दादाजींच्या निर्णयसागराची आठवण काढली जाते ती संस्कृत ग्रंथांच्या रेखीव अक्षरांसाठी. ते योग्यच आहे. पण माणूस जन्मभर जी अक्षरे वाचतो त्यांतली कितीतरी ग्रंथांत नसतातच. ती दुकानाच्या पाटीवर, साबणाच्या वेष्टनावर, सर्कशीच्या भित्तिपत्रकावर, वर्तमानपत्रातील जाहिरातीत असतात. ती वाचावयास आपण मुद्दाम बसत नाही. चालता चालता तीच आपल्याला गाठतात. या अक्षरांनाही जन्मगाव असते, आईबाप असतात, भाऊबंद असतात आणि भाऊबंदकीही असते. ती लिहून ठेवण्याची तसदी मात्र पंडितांनी फार उशिरा घेतली.

अशांपैकी एका वळणाची हकीकत येथे सांगावयाची आहे. त्याचे नाव कूपर ब्लॅक. लिपी रोमन, जन्म १९२२ सालचा, गाव अमेरिकेतील शिकागो. नावाने ओळख पटली नाही तरी डोळ्यांना ते परिचित असते. अंगाने लठ्ठ, पोट सुटलेले, कोपरा म्हणून कोठे शिल्लक नाही. कढईत नुकतीच फुगून वर आलेली पुरी दिसावी तसे एकेक अक्षर. पाहणाऱ्याला किंचित हसू यावे असा त्याचा एकंदर थाट. जन्मल्यापासून त्याने जाणकारांच्या शिव्या खाल्ल्या, मध्ये पंचवीस-तीस वर्षे अडगळीत काढली, आणि पुन्हा बाहेर येऊन असे काही बस्तान बसविले की शंभरी उलटली तरी ते हटावयास तयार नाही. विनोदी चेहऱ्याच्या माणसाने शहाणपणाचे बोल काढले तरी लोक हसतात, तसे या अक्षराचे झाले. किती कसून ते घडविलेले आहे हे त्याच्या गमत्या रूपामागे झाकले गेले. ते टिकले मात्र, माझ्या मते, त्या घडणीच्या बळावर.

लठ्ठ अक्षर ही काही कूपरची मूळ कल्पना नव्हे. त्या कुळाचा मूळ पुरुष शोधावयाचा तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या लंडनमध्ये जावे लागते. रॉबर्ट थॉर्न नावाचा टाइप ओतणारा तेथे होता. ग्रंथात वापरल्या जाणाऱ्या अक्षराच्या जाड रेघा घेऊन त्या वाटेल तितक्या जाड करावयाच्या आणि बारीक रेघा मात्र केसासारख्या बारीकच ठेवावयाच्या, ही युक्ती रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः त्याच्याकडे जाते. गिऱ्हाईक तयारच होते. ब्रिटिश सरकार त्या काळी लॉटरी चालवीत असे, आणि १८२६ साली ती बंद होईपर्यंत तिकिटे खपविणाऱ्या दलालांनी लंडनच्या भिंती पत्रकांनी मढवून टाकल्या होत्या. शेजारच्या पत्रकापेक्षा आपले पत्रक ओरडून दिसले पाहिजे, एवढीच त्या अक्षरांकडून अपेक्षा. टी. सी. हॅन्सार्ड या मुद्रकाने १८२५ साली आपल्या ‘टायपोग्राफिया’ या मोठ्या ग्रंथात या नव्या लठ्ठपणाबद्दल नापसंती व्यक्त केली. पुढे न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ च्या सुमारास लाकडी टाइप यंत्राने कोरण्याचा धंदा काढला. हातभर उंचीचे अक्षर शिशाचे ओतावे तर ते जड होई, शिवाय निवताना वेडेवाकडे होई. लाकडाला त्यांतली कोणतीच अडचण नव्हती. सर्कशीवाले, घोड्यांचे लिलाव करणारे, पेटंट औषधे विकणारे यांचे फावले.

या जुन्या लठ्ठ अक्षरांत एक खोट होती. त्यांचे अंग पैलवानाचे आणि हातपाय काडीचे. मोठ्या पत्रकावर ती शोभत. परंतु वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर, घाईने चालणाऱ्या यंत्रावर बारीक रेघा तुटत नाहीतर शाई बसून बुजत. टोकांना असलेल्या धारदार आडव्या पट्ट्या, ज्यांना मुद्रक सेरिफ म्हणतात, त्या तर प्रथम झिजत. अक्षर एकदा झिजले की त्याचा डौल जातो आणि नुसती जाडी उरते. कूपरने ही खोट कशी काढली ते पाहण्यापूर्वी तो कोण होता हे सांगितले पाहिजे.

ऑसवाल्ड ब्रूस कूपर १८७९ साली ओहायो राज्यातील माउंट गिलियड या लहान गावी जन्मला आणि कॅन्ससमधील कॉफीव्हिल गावी वाढला. मित्रमंडळी त्याला ऑझ म्हणत. शाळा अर्धवट टाकून तो छापखान्यात पोऱ्या म्हणून लागला. केर काढावा, शाईचे रूळ पुसावेत, वापरलेले खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात टाकावेत, अशी कामे. चित्रकार होण्याची हौस त्याला शिकागोस घेऊन गेली. तेथे फ्रँक होम नावाच्या वृत्तपत्री चित्रकाराची चित्रशाळा होती. त्या शाळेत अक्षरलेखन शिकविणारा मास्तर होता फ्रेडरिक गाउडी. हाच गाउडी पुढे अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध टाइपकार ठरला. कूपरच्या ध्यानात आले की चित्रे काढणे हा आपला प्रांत नव्हे, अक्षरे काढणे हा आहे. शिष्याचा तो त्याच शाळेत शिक्षक झाला. विल्यम ॲडिसन ड्विगिन्स हाही त्याच शाळेचा विद्यार्थी. ‘ग्राफिक डिझाइन’ हा आज सर्वतोमुखी झालेला शब्दप्रयोग रूढ करण्याचे श्रेय ड्विगिन्सच्या एका लेखाला देतात. तो लेखही १९२२ सालचाच, म्हणजे कूपर ब्लॅकच्या जन्मवर्षातला. एका लहानशा चित्रशाळेच्या मानाने ही कमाई थोडी नव्हे.

१९०४ साली कूपरने फ्रेड बर्ट्श याच्याबरोबर भागीदारीत ‘बर्ट्श अँड कूपर’ ही पेढी काढली. भागीदारी जमली, कारण दोघांचे स्वभाव एकमेकांस पूरक होते. बर्ट्श गिऱ्हाईक गाठण्यात वाकबगार. कूपर लाजाळू आणि टेबलापाशी बसून काम करणारा. शिकागो त्या वेळी नुसते धान्याचे आणि मांसाचे शहर राहिले नव्हते. आगगाडीचे सारे रस्ते तेथे येऊन मिळत, आणि त्या रस्त्यांच्या भरवशावर मॉन्टगोमेरी वॉर्ड आणि सीअर्स रोबक यांसारख्या कंपन्या टपालाने माल विकीत. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी दुकानाऐवजी जाडजूड सूचिपत्र जाई. माल हाताळून पाहण्याची सोय नाही. जे सांगावयाचे ते कागदाने आणि अक्षराने. असल्या शहरात अक्षरे काढणाऱ्याला काम कमी पडण्याचे कारण नव्हते.

कूपर हाताने अक्षरे काढी, आणि ती इतकी एकसारखी आणि तरीही जिवंत असत की त्यांचा टाइप करावा असे टाइपवाल्यांना वाटू लागले. पॅकार्ड मोटारीच्या जाहिरातींसाठी त्याने काढलेल्या अक्षरांवरून ‘अमेरिकन टाइप फाउंडर्स’ या बलाढ्य कंपनीने १९१३ साली ‘पॅकार्ड’ या नावाचा टाइप ओतला. नाव मोटारीचे लागले. ज्याच्या हाताची अक्षरे, तो नावापुरताही त्यात दिसेना. पुढे शिकागोतीलच ‘बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर’ या टाइप कारखान्याने त्याला गाठले. कारखान्यातील रिचर्ड मॅकआर्थर या गृहस्थांनी त्याचा पिच्छा पुरविला आणि १९१९ च्या सुमारास ‘कूपर’ नावाचा पहिला टाइप बाजारात आला. येथे नाव तरी त्याचे होते. हा टाइप अजून लठ्ठ नव्हता. जुन्या ग्रंथांच्या वळणावर बेतलेला, अंगाने बेताचा, पण रेघांची टोके मात्र गोल केलेली, अशी ती अक्षरे होती. त्यांनाच अंग भरवून १९२२ साली कूपर ब्लॅक तयार झाले.

अंग भरविणे म्हणजे रेघ जाड करणे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. रेघ जाड करावयास काय, कोणीही करील. कठीण आहे ते रेघांमधील पांढरे राखणे. रोमन लिपीतील ‘ए’ किंवा ‘ई’ या लहान अक्षरांच्या पोटात चिमूटभर पोकळी असते. रेघ दोन्ही बाजूंनी फुगू लागली की ती पोकळी मिटत जाते, आणि मिटली की अक्षर जाऊन डाग राहतो. देवनागरी लिहिणाऱ्याला हे सांगावयास नको. आपल्या लिपीत ही अडचण दुणावते, कारण वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा नि वेलांट्या, खाली उकार, आणि मध्ये ‘क्ष’ किंवा ‘ष्ठ’ यांसारखी दाटीवाटीने बसलेली मंडळी. आडवे फुगवावे तर शब्द लांबतो, उभे फुगवावे तर मात्रेला जागा उरत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाने एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘मोदक’ नावाचा देवनागरी टाइप केला. त्यात अक्षराच्या पोटातली पांढरी जागा नुसत्या फटीवर आणून ठेवलेली आहे, आणि तरी शब्द वाचता येतो. ती फट कोठे ठेवावी आणि कोठे वळवावी, यातच सारे काम आहे. कूपरपुढचे कोडे जातीने हेच होते. लिपी तेवढी निराळी.

त्याने ते कसे सोडविले हे अक्षरे मोठी करून पाहिली म्हणजे कळते. पहिली गोष्ट, त्याने पोकळ्या लहान केल्या तरी त्यांना स्वतःचा आकार दिला. मोठ्या ‘ओ’ची बाहेरची कड जवळजवळ वाटोळी आहे, पण आतली पोकळी उभी न राहता किंचित मागे रेललेली आहे. बोरू तिरका धरून लिहिणाऱ्याच्या हातून असे वळण आपसूक येते. म्हणजे बाहेरून विदूषक दिसणाऱ्या या अक्षराच्या आत जुन्या लेखनिकाचा हात शाबूत आहे. ‘आय’ आणि ‘जे’ या लहान अक्षरांवरील टिंबही वाटोळे नाही. तेही लंबगोल, तिरके, बोरू टेकवून उचलावा तसे. दुसरी गोष्ट, थॉर्नच्या अक्षरांप्रमाणे बारीक रेघा त्याने केसाएवढ्या ठेवल्या नाहीत. जाडांच्या मानाने बारीक, पण पोसलेल्या. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, त्याने टोके सगळी गोल केली. सेरिफ आहे, पण ती पट्टी न राहता हत्तीच्या पावलासारखी गुबगुबीत झाली आहे. अक्षर जमिनीवर सपाट बसत नाही, किंचित डुलते. अशी डुलणारी अक्षरे एका ओळीत सरळ दिसतील असे बसविणे ही नजरेची परीक्षा असते. सपाट तळाच्या अक्षराला पट्टी लावता येते. याला पट्टी कोठे लावणार?

या गोलाईचा परिणाम छापखान्यात दिसला. शिशाच्या खिळ्याला कोपरा नाही म्हणजे तुटावयास काही नाही. वर्तमानपत्राच्या कामी मजकुराचा कागदी साचा घेऊन त्यात पुन्हा शिसे ओतावे लागे, आणि या दुहेरी फेऱ्यात अक्षराची धार हमखास बोथटे. कूपर ब्लॅकला मुळात धारच नव्हती. शाई थोडी जास्त झाली, कागद थोडा हलका निघाला, यंत्रावरचा मनुष्य थोडा निष्काळजी असला, तरी अक्षर होते तसेच दिसे. गरिबाच्या घरी खपणारी सून म्हणतात तशातला प्रकार. खालच्या शेपट्याही त्याने आखूड ठेवल्या. ‘जी’, ‘पी’, ‘वाय’ या लहान अक्षरांचे पाय ओळीखाली फार उतरत नाहीत. त्यामुळे त्याच मापाच्या खिळ्यावर अक्षराच्या मुख्य अंगाला जास्त जागा मिळते आणि ओळी एकमेकींजवळ बसविता येतात. वर्तमानपत्रात जागेचे पैसे मोजणाऱ्या दुकानदाराला याची किंमत निराळी समजावून सांगण्याची गरज नव्हती. स्वतः कूपर थट्टेने म्हणे की हा टाइप ज्यांच्या गिऱ्हाइकांना जवळचे तेवढेच दिसते अशा दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आहे. इंग्रजीतील श्लेष मराठीत येत नाही, पण त्यातला खोडकरपणा कळतो.

टाइप धडाक्याने खपला. लहान जाहिरातीला मोठी करून दाखविणारा टाइप म्हणून कारखान्याने त्याचा डांगोरा पिटला. तिरपे वळण, अक्षरांच्या अंगावर पांढरी रेघ ओढून त्यांना चकाकी आणणारे ‘हायलाइट’ हे १९२५ सालचे वळण, अशी भावंडेही मागोमाग आली. किराणा, मोटारीचे टायर, नाचाचे जलसे, बँका. कूपर ब्लॅक नाही असा माल राहिला नाही. आणि जे सर्वत्र दिसते ते रसिकांना खुपू लागते, या न्यायाने अक्षरांच्या जाणकारांनी त्याला ‘काळे संकट’ असे नाव दिले.

या जाणकारांची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. टाइपाचे काम मजकूर वाचकापर्यंत नेण्याचे. त्याने स्वतःकडे लक्ष वेधू नये, असे त्यांचे म्हणणे. १९३० साली लंडनमध्ये बिअट्रिस वॉर्ड या विदुषीने एक व्याख्यान दिले. तीत तिने चांगल्या मुद्रणाला स्वच्छ काचेच्या पेल्याची उपमा दिली: आतले मद्य दिसावे, पेला दिसू नये. ग्रंथाबद्दल हे खरेच आहे. कूपर ब्लॅकमध्ये छापलेली ज्ञानेश्वरी कोणास रुचेल? परंतु भिंतीवरच्या पत्रकाला हा नियम लावणे म्हणजे नगारा का वाजतो म्हणून तक्रार करण्यासारखे आहे. शिवाय या आक्षेपात एक जरासा उच्चभ्रू वासही होता. जो टाइप किराणा दुकानदाराला आवडतो तो चांगला असणार कसा, असा. कूपरच्या अक्षरांत जुन्या लेखनिकांचा हात होता, हे जुन्या लेखनिकांची नावे जपणाऱ्यांनाच दिसले नाही याचे नवल वाटते.

धंद्यातल्या लोकांना मात्र ते चटकन दिसले, आणि त्यांनी पंडितांहून निराळी दाद दिली: नक्कल केली. १९२४ साली शिकागोच्याच लडलो कंपनीसाठी रॉबर्ट हंटर मिडलटनने ‘लडलो ब्लॅक’ काढला. लायनोटाइप कंपनीने १९२८ साली चॉन्सी ग्रिफिथच्या हातचा ‘पॅब्स्ट एक्स्ट्रा बोल्ड’ आणला. पण सर्वांत मनाला लागते ती १९२५ सालची गोष्ट. लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीलाही कूपर ब्लॅकच्या तोडीचे काहीतरी हवे होते. तिने ते करावयास सांगितले फ्रेडरिक गाउडीला, आणि गाउडीने ‘गाउडी हेवीफेस’ करून दिला. ज्या मास्तराने होमच्या शाळेत कूपरला अक्षर धरावयास शिकविले, त्यालाच वीस-बावीस वर्षांनी शिष्याचा माग काढीत यावे लागले. गाउडीला स्वतःला हे काम फारसे आवडले नव्हते, आणि ते त्याने लपविलेही नाही. दोघांच्याही बाजूने हा प्रसंग अवघड होता.

कायद्याची मदत फारशी नव्हती. अमेरिकेत १८४२ सालच्या कायद्याने नव्या आकृतीचे पेटंट घेता येऊ लागले, आणि त्या कायद्याखालचे अगदी पहिले पेटंट न्यूयॉर्कच्या जॉर्ज ब्रूस याने टाइपासाठीच घेतले होते. पण पेटंट थोड्या वर्षांचे, आणि अक्षराला जरा इकडेतिकडे वळविले की ते चुकविता येई. ग्रंथाला मिळतो तसा कॉपीराइट अक्षराच्या आकाराला अमेरिकी कायदा देत नाही. त्या वेळी देत नव्हता, आजही देत नाही. कवीची एक ओळ उचलली तर चोरी, आणि ज्या अक्षरांत ती छापली त्यांची आख्खी वर्णमाला उचलली तरी व्यापार! यामागे तर्क नाही असे नाही. ‘अ’ कोणाच्या मालकीचा होऊ लागला तर लिहावे कोणी, हा प्रश्न खराच आहे. पण ‘अ’ आणि ‘अ’चे एखाद्या माणसाने महिनेच्या महिने खपून साधलेले वळण यांत फरक आहे, आणि हा फरक सोसणाऱ्याच्याच पदरी पडतो.

१९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि जाहिरातीचा पैसा आटला. त्याच सुमारास जर्मनीतून निराळे वारे आले. पॉल रेनरचा ‘फ्युचुरा’ १९२७ सालचा. कंपास आणि पट्टी घेऊन आखावा तसा, टोकांना पट्ट्या नाहीत, अंगावर मांस नाही. नव्या युगाचे अक्षर म्हणून तो मिरवू लागला आणि कूपर ब्लॅक एकाएकी कालच्या सुबत्तेतले पोट सुटलेले शेठजी दिसू लागले. बार्नहार्ट कारखाना १९११ सालीच अमेरिकन टाइप फाउंडर्सने विकत घेतलेला होता, तरी तो निराळ्या नावाने चालू होता. १९३३ साली तोही बंद झाला. कूपर १९४० सालच्या डिसेंबरात वारला. शिकागोच्या अक्षरकलेच्या संस्थेने १९४९ साली त्याच्या कामाचे एक पुस्तक काढून आपले ऋण फेडले. त्या वेळी कोणाला विचारले असते तर कूपर ब्लॅक म्हणजे वडिलांच्या काळचा टाइप, असेच उत्तर मिळाले असते.

त्याला पुन्हा उठविले ते शिशाच्या मरणाने. १९६० नंतरच्या दशकात मथळ्यांसाठी खिळ्यांची जागा फोटोच्या फिल्मने घेतली. १९६१ साली लेट्रासेटची चिकटअक्षरेही आली. पातळ पानावर छापलेली अक्षरे घासली की ती कागदावर उतरत. शिशाच्या प्रत्येक खिळ्याला स्वतःचा चौकोनी देह असतो, त्यामुळे दोन अक्षरे ठरावीक अंतरापेक्षा जवळ येऊच शकत नाहीत. आणायची तर कानस घेऊन खिळाच कापावा लागे. फिल्मवर असे कोणतेही कुंपण नव्हते. अक्षरे एकमेकांना खेटवा, चिकटवा, एकावर एक चढवा. आणि खेटून बसण्यात कूपर ब्लॅकइतका गोड टाइप दुसरा नाही. गोल कडा एकमेकींत अशा मिसळतात की आख्खा शब्द एकच मऊ वस्तू होऊन जातो. कूपरने तो गोलपणा झिजेवर आणि वाईट शाईवर तोड म्हणून दिला होता; शिसे गेल्यावर त्याच गोलपणाला हा दुसरा उपयोग सापडला.

मे १९६६ मध्ये अमेरिकेतील बीच बॉइज या गायकमंडळींची ‘पेट साउंड्स’ ही तबकडी निघाली. वेष्टनावर सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात बकऱ्यांना खाऊ घालणारी मंडळी, आणि वर हिरव्या पट्टीत घट्ट बसविलेले कूपर ब्लॅक. त्या एका वेष्टनाने जुने अक्षर तरुण झाले असे म्हणतात. मला एका वेष्टनावर एवढा भार टाकवत नाही, पण वारे फिरल्याची ती खूण खरी. १९६८ साली बीबीसीवर ‘डॅड्स आर्मी’ ही विनोदी मालिका सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात गावराखणीला उभे राहिलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची ती कथा. शीर्षक कूपर ब्लॅकमध्ये. युद्धाचे नाव आणि हसणारे अक्षर यांच्या विसंगतीतूनच मालिकेचा सूर पहिल्या क्षणी कळे. नगाऱ्यासारखे वापरले जाणारे अक्षर येथे विनोदी नटासारखे वापरले गेले, आणि हा वापर त्याला अधिक मानवला.

पण त्याच्या सगळ्या वापरांत मला हृद्य वाटतो तो १९७० नंतरचा एक. अमेरिकेत सुती बनियनवर, म्हणजे टी-शर्टवर, इस्त्रीने डकविता येतील अशी मखमली अक्षरे सुटी विकत मिळू लागली. पोरेपोरी दुकानात जाऊन आपल्या नावापुरती अक्षरे घेत आणि छातीवर किंवा पाठीवर लावून घेत. ती अक्षरे बहुतेक कूपर ब्लॅक असत. कारण पुन्हा तेच, छापखान्यातले. कापडावर कोपऱ्याचे अक्षर कोपऱ्यापासून सुटावयास लागते. गोल अक्षराला धरून ओढावयास टोक नसते. धुण्याला, घामाला, नाचण्याबागडण्याला ते पुरून उरे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर नाचणाऱ्या, हिप-हॉपच्या आरंभीच्या काळातील मुलांच्या अंगावर हीच अक्षरे दिसतात. दीडशे वर्षे लठ्ठ अक्षराने दुसऱ्याचा माल ओरडून विकला. येथे प्रथमच साध्या माणसाला त्याने स्वतःचे नाव मोठ्याने लिहावयास दिले, तेही दोन-चार सुट्या अक्षरांच्या किमतीत.

अमेरिकन टाइप फाउंडर्सने मात्र १९९३ साली दिवाळे काढले. न्यू जर्सीतील एलिझाबेथ येथे तिच्या यंत्रांचा आणि साच्यांचा लिलाव झाला. काही साचे जाणत्यांनी वाचविले. पुष्कळसे मोडीवाल्यांकडे गेले. तोवर कूपर ब्लॅक संगणकात जाऊन बसलेलेच होते. दोनच वर्षांनी, १९९५ साली, लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळावर ईझीजेट नावाची एक नवी, स्वस्त दराची विमानकंपनी सुरू झाली. स्वस्त म्हणजे रडके नव्हे, हे उतारूला पटविण्यासाठी तिने आपले नाव कूपर ब्लॅकमध्ये लिहिले, भडक नारिंगी रंगासह. विमानाच्या अंगावर जागेची काही वाण नाही, आणि तेथे शिशाचा खिळाही नाही. तरी त्या नावातल्या ‘वाय’ या अक्षराची शेपटी आखूडच आहे; १९२२ साली शिकागोच्या कारखान्यात ती खिळ्यावर मावावी म्हणून जेवढी ठेवली होती, तेवढीच.